संसारात राहून हरिपाठाचा नेम कसा धरावा

हरिपाठ म्हणजे नामाचा महिमा सांगणारे ज्ञानेश्वर माऊलींचे अभंग. त्यातल्या पहिल्याच अभंगात माऊली म्हणतात, "असोनि संसारीं जिव्हे वेगु करी." संसारात असतानाच जिभेला नामाचा वेग दे. मुलं मोठी होऊ देत, घराचं कर्ज फिटू दे, मग निवांत देवाकडे बघू, असं मी पंधरा-वीस वर्षं म्हणत होतो. गंमत म्हणजे हा चरण तेव्हाही मला पाठ होता. लहानपणी आजीच्या मांडीवर बसून म्हटलेला. तो मलाच उद्देशून आहे हे मात्र चाळिशी उलटल्यावर लक्षात आलं.

नोकरी-धंदा चालू आहे, मुलांच्या परीक्षा आहेत, आई-वडिलांची औषधं आहेत, महिनाअखेरीस ओढाताण आहे, आणि या सगळ्यात मनाला देवाची ओढही आहे, पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. अशांसाठी हे लिहितो आहे. मी वारकरी वाटेबद्दलच बोलेन, कारण मी त्याच वाटेवर चालतो आहे. आणि ही वाट प्रापंचिकांनीच तुडवून रुळवली आहे. सावता महाराज अरणला मळा पिकवत. गोरोबाकाका तेरला मडकी घडवत. नरहरी सोनार दागिने करत, सेना महाराज हजामत करत, चोखोबा मंगळवेढ्यात राबत, जनाबाई नामदेवांच्या घरी दळण-कांडण करत. तुकोबांचं देहूत दुकान होतं, महाजनकी होती. नाथ महाराज, म्हणजे संत एकनाथ, पैठणला बायकामुलांत राहिले. यांतल्या कुणाला आपल्याएवढ्या सुट्ट्यासुद्धा नव्हत्या.

आधी, काय लागत नाही ते

गुरू मिळेपर्यंत थांबायचं कारण नाही. गळ्यात माळ नसली तरी चालते. सोवळं लागत नाही, संस्कृत लागत नाही, मोठा देव्हारा लागत नाही. "काळ वेळ नाम उच्चारितां नाहीं" असं हरिपाठच सांगतो. त्यामुळे मासिक पाळीत हरिपाठ म्हणावा का, सुतकात म्हणावा का, आंघोळीआधी म्हणावा का, या प्रश्नांना माझं एकच उत्तर आहे: म्हणावा. पूजेचे नियम घरोघर वेगळे असतील, ते ज्याचे त्याने पाळावेत. नामाला ते लागू नाहीत.

लागते ती एक गोष्ट. हरिपाठाची छोटी पुस्तिका. कुठल्याही धार्मिक पुस्तकांच्या दुकानात थोडक्या पैशांत मिळते. जमल्यास अर्थासहित असलेली, म्हणजे सार्थ प्रत घ्या. मोबाईलवरही हरिपाठ मिळतो, पण सुरुवातीला कागदच बरा. मोबाईल हातात घेतला की दुसऱ्या अभंगाला कुणाचा तरी निरोप येतो.

पहिली पायरी: एकच नेम, आणि तोही लहान

माऊलींच्या हरिपाठात 27 अभंग आहेत, काही प्रतींत 28. एकट्याने वाचला तर पंधरा-वीस मिनिटं लागतात, टाळ-मृदंगावर चालीत म्हटला तर त्याहून बरीच जास्त. नवशिक्याने पहिल्या दिवसापासून संपूर्ण हरिपाठ धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण मी तेच केलं होतं. एका आषाढीला उत्साहाच्या भरात ठरवलं: रोज पूर्ण हरिपाठ, ज्ञानेश्वरीच्या पन्नास ओव्या आणि अकरा माळा जप. नऊ दिवस टिकलं. त्या नऊ दिवसांत मी घरात सगळ्यांवर चिडत होतो, कारण प्रत्येक जण माझ्या साधनेत अडथळा वाटत होता. दहाव्या दिवशी कामावरून उशीर झाला, नेम मोडला, आणि मग पुढची दोन वर्षं पुस्तिकेला हात लावला नाही.

म्हणून आधी फक्त पहिला अभंग घ्या. "देवाचिये द्वारीं उभा क्षणभरी." चार चरणांचा अभंग, त्यामागे "हरि मुखें म्हणा हरि मुखें म्हणा, पुण्याची गणना कोण करी" हे ध्रुवपद. दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. तो मोठ्याने म्हणायचा. मनातल्या मनात वाचला तर डोळे पुढे धावतात आणि मन घरगुती हिशेबात अडकतं. कानावर पडला की ते थोडं तरी थांबतं.

वेळ घड्याळावर ठरवू नका, एखाद्या कामाला बांधा. रोज न चुकता होणारं कुठलंही काम चालेल. देवापाशी दिवा लावल्यावर, रात्री ओटा पुसून झाल्यावर, दुकानाचं शटर वर केल्यावर, मुलांना शाळेच्या गाडीत बसवून परत आल्यावर. "सायंकाळी सात वाजता" असं ठरवलं की साडेसहाची गाडी चुकल्यावर नेमही चुकतो. "चहाचं आधण ठेवल्यावर" ठरवलं की चहा होतो तसा नेमही होतो. मी रात्रीच्या जेवणाची ताटं घासायला ठेवल्यावर म्हणायला लागलो. आजही तीच वेळ आहे.

महिनाभर एवढंच करा. दुसऱ्या महिन्यात तीन अभंग. मग पाच, मग नऊ. अभंग वाढवताना स्वतःला एकच विचारा: ताप आला असताना, पाहुणे घरात असताना, महिनाअखेरीच्या गडबडीत हे मला जमेल का? जमेल तेवढंच वाढवा. मला पूर्ण हरिपाठापर्यंत पोचायला दीड वर्ष लागलं.

अर्थाचं काय? म्हणताना अर्थ शोधत बसू नका. आठवड्याला एक अभंग घेऊन, रविवारी वगैरे, सार्थ प्रतीतून त्याचा अर्थ वेगळा वाचा. म्हणता म्हणता एखाद्या दिवशी एखादा चरण आपोआप उलगडतो. तसा उलगडलेला चरण कायमचा आपला होतो.

नेम चुकला तर

चुकणारच. आजारपण येईल, प्रवास होईल, एखाद्या रात्री नुसती झोप लागेल. अशा वेळी दुसऱ्या दिवशी दुप्पट म्हणून भरपाई करू नका. दुप्पट केलं की नेमाचा दंड होतो, आणि दंड भरायला कुणाला आवडत नाही. दुसऱ्या दिवशी ठरलेल्या कामानंतर ठरलेलं तेवढंच म्हणा. सलग दोन दिवस मात्र चुकू देऊ नका. पूर्ण म्हणणं शक्यच नसेल तर अंथरुणावर पडल्या पडल्या नुसतं ध्रुवपद म्हणा. "नित्य नेम नामीं ते प्राणी दुर्लभ" असं माऊली म्हणतात, तिथे त्यांनी किती म्हणायचं ते सांगितलेलं नाही. नित्य म्हणायला सांगितलं आहे.

दुसरी पायरी: हात कामात, जीभ नामात

हरिपाठ स्थिरावला की दिवसभरात नाम पेरायला घ्यायचं. वारकऱ्यांचा मंत्र उघडा आहे, "राम कृष्ण हरी". तुकोबांना तो बाबाजी चैतन्यांकडून स्वप्नात मिळाला, आणि त्यांनी तो सगळ्यांना वाटून टाकला. कानात सांगण्याची भानगड नाही.

मनाची गरज नसलेली दोन-तीन कामं निवडा. कणीक मळणं, भाजी निवडणं, भांडी, जिने चढणं, बसच्या रांगेत उभं राहणं. त्या कामांपुरतं नाम घ्यायचं. जनाबाईंनी जात्यावर जे केलं तेच हे आहे. मुंबईच्या लोकलमध्ये भजनी मंडळी सकाळी डब्यात टाळ काढतात, तीही याच जातकुळीची.

जपमाळ घ्यायची असेल तर 108 मण्यांची तुळशीची घ्या. मणी अंगठ्याने मधल्या बोटावर ओढायचा, तर्जनी लावायची नाही, मेरुमणी, म्हणजे माळेच्या टोकाचा वेगळा मणी, आला की तो न ओलांडता माळ फिरवून घ्यायची. एवढं पुरे. बोटांच्या पेरांवर मोजलं तरी बिघडत नाही, आणि न मोजलं तरी.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. समोर कुणी बोलत असेल तर नाम बाजूला ठेवा आणि ऐका. लेक शाळेतलं काही सांगते आहे आणि बापाचे ओठ हलताहेत, असं माझ्या घरात झालं आहे. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही इथे नाहीच आहात." त्या दिवशीचा जप माझा मीच मोजत नाही.

तिसरी पायरी: रोजचं काम देवाला वाहणं

ही पायरी मला सगळ्यांत मोठी वाटते, आणि नेमकी हीच लोक सोडून देतात. सकाळी पूजा, संध्याकाळी हरिपाठ, आणि मधले नऊ-दहा तास देवाविना. मग तक्रार राहते की साधनेला वेळच मिळत नाही.

ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात एक ओवी आहे.

तया सर्वात्मका ईश्वरा ।
स्वकर्मकुसुमांची वीरा ।
पूजा केली होय अपारा । तोषालागीं ॥

आपल्या वाट्याला आलेलं काम हीच फुलं, आणि ती सर्वांच्या ठायी भरलेल्या ईश्वराला वाहिली की पूजा झाली. गीतेच्या "स्वकर्मणा तमभ्यर्च्य" या शब्दांवरची ही ओवी आहे. फूल वाहताना आपण काय करतो? किडलेलं, शिळं बाजूला काढतो. कामाचंही तसंच. रिक्षा चालवणाऱ्याचं मीटर, शिक्षिकेने तपासलेली वही, गवंड्याने धरलेला ओळंबा, परिचारिकेने वेळेवर बदललेली सलाईन, ही फुलं आहेत. ती शिळी देऊन वर देव्हाऱ्यात जास्वंद वाहण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

माझं काम हिशेब तपासण्याचं. त्यामुळे नाथ महाराजांची एक गोष्ट मला फार जवळची आहे. देवगिरीच्या किल्ल्यावर ते जनार्दनस्वामींच्या सेवेत होते. स्वामी स्वतः किल्ल्याचे अधिकारी, दरबारचं काम सांभाळून परमार्थ करणारे. त्यांनी नाथांना हिशेब बघायला सांगितलं. एका पैची चूक सापडेना. नाथ रात्रभर दिव्याच्या उजेडात बसले, आणि पहाटे चूक सापडल्यावर त्यांनी आनंदाने टाळी वाजवली. स्वामी म्हणाले, एका पैसाठी एवढा आनंद, तर संसाराची चूक सापडल्यावर किती होईल? परंपरेने ही कथा अशी जपली आहे. बरेचजण ती हिशेबाला क्षुल्लक ठरवण्यासाठी सांगतात. मला ती उलटी दिसते. रात्रभर एका पैमागे बसण्याची चिकाटी नाथांना त्या वहीनेच दिली, आणि तीच चिकाटी पुढे ज्ञानेश्वरीच्या शुद्ध प्रतीसाठी कामी आली. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, त्यांनी ती प्रत सिद्ध केली. प्रतींमध्ये शिरलेले चुकीचे पाठ एकेक करून काढणं हे हिशेब तपासण्याहून वेगळं काम नाही.

प्रत्यक्षात करायचं काय? कामाला हात लावण्याआधी एक श्वास थांबा आणि मनात म्हणा, "पांडुरंगा, हे तुझं." कुणाला दिसत नाही, कुणाला सांगायचं नाही. दिवसातलं एक काम असं निवडा की जे कुणी तपासणार नाही, आणि ते सर्वांत नीट करा. संध्याकाळी निघताना पुन्हा म्हणा, "झालं ते तुझं, राहिलं तेही तुझं." राहिलेलं काम देवाच्या हवाली करून घरी यायला मला बरीच वर्षं लागली, आणि अजूनही काही दिवस ते माझ्यासोबत जेवायला बसतंच.

पैशाचं काय

संसारी माणसाच्या भक्तीची कसोटी देवळात कमी आणि व्यवहारात जास्त लागते. "जोडोनियां धन उत्तम वेव्हारें, उदास विचारें वेंच करी" असं तुकोबा म्हणतात. धन जोडू नका असं ते म्हणत नाहीत. चांगल्या मार्गाने जोडा, आणि न अडकता खर्च करा. दुष्काळानंतर त्यांनी कर्जखतांतला आपला वाटा इंद्रायणीत बुडवला आणि धाकट्या भावाचा, कान्होबांचा, वाटा त्यांना देऊन टाकला. ही दुसरी बाजू लोक विसरतात. आपलं सोडायचा अधिकार त्यांचा होता, भावाचं सोडायचा नव्हता. घरच्यांच्या गरजा मारून दानधर्म करू पाहणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

पगार झाला की ठरावीक रक्कम, अगदी शंभर रुपये का असेनात, वेगळ्या डबीत ठेवा. ती अन्नदानाला, कुणाच्या औषधाला, कुणाच्या वह्यापुस्तकांना जाऊ दे. दिलेल्याची वाच्यता करू नका. कर्ज काढून तीर्थयात्रा किंवा उद्यापनं करू नका. आणि भीती घालून पैसे मागणाऱ्याकडे, मग तो कुठल्याही वेशात येवो, पाठ फिरवा. आमच्या ओळखीतल्या एका घराने ग्रहशांतीच्या नावाखाली मुलीच्या शिक्षणाचे पैसे घालवले. विठोबाच्या दारात अशी फी कधी नव्हती.

एकादशी

महिन्यात दोन. अधिक मास असला तर वर्षाला 26, नाहीतर 24. सुरुवातीला फक्त शुद्ध एकादशी धरा. दिनदर्शिकेत कधीकधी लागोपाठ दोन दिवस "स्मार्त" आणि "भागवत" अशा दोन एकादश्या दिसतात. वारकरी भागवत एकादशी करतात. दुसऱ्या दिवशी बारस सोडायची, म्हणजे वेळेत जेवायचं.

साबुदाण्याची खिचडी, वडे, तळलेल्या चकल्या अशी मेजवानी झाली तर पोटाला सुट्टी मिळत नाही. भगर, रताळं, राजगिरा, ताक, फळं यांवर दिवस निघतो. मधुमेह असेल, रक्तदाबाच्या गोळ्या असतील, पोटात बाळ असेल किंवा अंगावर पाजत असाल, तर डॉक्टरांना विचारा आणि गरज असेल तर खुशाल जेवा. त्या दिवशी एक अभंग जास्त म्हणा, झाली एकादशी. परदेशातल्या मराठी घरांनी तिथल्या गावाचं पंचांग बघावं. तिथी सूर्योदयावर ठरते, त्यामुळे अमेरिकेत एकादशी कधीकधी इथल्या तारखेच्या आदल्या दिवशी येते.

घरची माणसं

नवरा-बायकोपैकी एकाला ओढ लागते आणि दुसऱ्याला नसते, हे नेहमीचं आहे. ओढून बसवू नका. मुलांना तर मुळीच नाही. मोठ्याने म्हणत राहिलात तर ध्रुवपद त्यांना आपोआप पाठ होतं. माझ्या मुलाने कधी शेजारी बसून हरिपाठ म्हटला नाही, पण मी आजारी असताना त्याने दिवा लावून पहिला अभंग म्हटला. कुठून आला तो, मला माहीत आहे.

सोबत

एकट्याचा नेम वर्षा-दोन वर्षांत सुकतो. जवळपासच्या विठ्ठल मंदिरात किंवा मारुतीच्या देवळात संध्याकाळी हरिपाठ होतो का, ते बघा. आठवड्यातून एक दिवस जा. मागे उभे राहा, टाळ हातात दिला तर घ्या, ठेका चुकला तरी कुणी रागावत नाही. भेटल्यावर "राम कृष्ण हरी" म्हणून एकमेकांच्या पाया पडायची रीत आहे. समोरचा वयाने लहान असला तरी वाका, तोही वाकेल. गावात अखंड हरिनाम सप्ताह असेल तर निदान शेवटच्या दिवशीच्या, काल्याच्या कीर्तनाला बसा. जवळ देऊळच नसेल, परगावी किंवा परदेशी असाल, तर चार घरं मिळून फोनवर एकत्र म्हणा.

गळ्यात माळ कधी घालायची, असं लोक विचारतात. घाई नको. माळ घातली की मांसाहार आणि दारू सुटली पाहिजे, एकादशी आणि हरिपाठ सांभाळला पाहिजे, परधन आणि परस्त्री वर्ज्य, आणि वर्षातून एकदा तरी पंढरीची वारी. वर्षभर माळेशिवाय हे पाळून बघा. जमलं तर आळंदीला किंवा पंढरपूरला, किंवा तुमच्या भागातल्या फडाच्या, म्हणजे वारकऱ्यांच्या परंपरागत गटाच्या, महाराजांच्या हातून माळ घ्या.

वारी, पहिल्यांदा

आषाढी, कार्तिकी, माघी, चैत्री अशा चार मोठ्या वाऱ्या. माऊलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते, तुकोबांची देहूहून सप्तमीला. पूर्ण पायी वारीला तीन आठवड्यांच्या आसपास दिवस लागतात, आणि नोकरदाराला तेवढी रजा पहिल्याच वर्षी मिळणं अवघड. मग एक दिवस चाला. माऊलींच्या पालखीसोबत पुणे ते सासवड हा टप्पा बहुधा एकादशीलाच येतो. सुमारे तीस किलोमीटर, मध्ये दिवे घाट.

आधी महिनाभर रोज तासभर चालायची सवय करा. नवे बूट घालून जाऊ नका, वापरून मऊ झालेली चप्पल किंवा बूट घाला. पाण्याची बाटली, टोपी किंवा उपरणं, प्लास्टिकचा कागद, शेंगदाणे-गूळ किंवा खजूर, रोजची औषधं. बाकी काही नको. दिंड्यांना पालखीच्या रथापुढचे आणि रथामागचे क्रमांक असतात. कुठल्याही दिंडीत मधूनच शिरू नका. वीणेकऱ्याला किंवा दिंडीप्रमुखाला नमस्कार करून विचारा, "माऊली, आजच्या दिवस सोबत चालू का?" बहुतेक जण हो म्हणतात. दिंडीत जेवणार असाल तर भिशी, म्हणजे जेवणाची वर्गणी, किती ते आधी विचारून भरा. ओळीत चाला, पताका आणि वीणा यांच्या पुढे जाऊ नका, फोटोसाठी ओळ अडवू नका.

घाटाच्या चढावर धाप लागेल. तेव्हा बोलणं बंद करा आणि पुढच्या ओळीतले टाळ ऐका. दिंडी हरिपाठाला लागली असेल, तर पहिला अभंग तुम्हाला येतोच आहे.